सात नंबरवरची टोपी

पुणे,
१२ मे २००७

ती. कुंडलिकदादास,
शीलाचा नमस्कार. मी बरी आहे. वहिनीची शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खाते. आईचे गुडघे कसे आहेत?

माळावरच्या माझ्या प्रयोगाच्या डब्या काढू का, असं तू फोनवर विचारलंस. त्या एकमेकींना बिनतारी निरोप देत ऊन-तापमान घरातल्या कॉम्प्युटरला कळवतात, तिथून फोनच्या तारेने मला. पुढे कधी अशाच मंगळावर टाकायच्या, म्हणून आपला खडकाळ माळ निवडला. आबा गावभर सांगत, "आमच्या माळावर कदी काय पिकलं न्हाई, आता पोरीचं पिकंल."

आबा रोज बाराला तिकडे जात आणि सात नंबरच्या डबीवर टोपी ठेवत. "टोपी ठिवली का तुला कळतंय न्हवं, आबा आलाय म्हणून?" दोन मिनिटं इकडे अंधार दिसे. आकडे बिघडतात म्हणून मी चिडायची, आणि ती नोंद चूक म्हणून पुसून टाकायची.

तेराव्याला तू विचारलंस, "आबा किती येळ पडून व्हतं, कुणास ठावं." मी पाण्याचा तांब्या आणायला उठले. दादा, मला ठाऊक होतं.

त्या दिवशी बारा वाजून चार मिनिटांनी अंधार पडला, तो हटलाच नाही. मला वाटलं, म्हातारा टोपी विसरून घरी गेला. रागच आला. आईला एक फोन केला असता तर ती धावत गेली असती. मी नोंद पुसली आणि डबा खायला गेले. तुला ते साडेपाचला सापडले, उघड्या डोक्याने, उन्हात. दुपारीच आणलं असतं तर वाचले असते, हे डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते.

सोमवारी बाराला सात नंबरवर पुन्हा अंधार पडला. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "आई जाती टोपी घिऊन. तुला रडाया काय झालं?" त्याचं उत्तर हे पत्र.

डब्या काढू नकोस. आता मी काही पुसत नाही. आईला म्हणावं, टोपी ठेव, पण उचलायला विसरू नको. बाराला मी फोनजवळच बसलेली असते.

उत्तर नाही धाडलंस तरी तुझीच,
शीला