उतरलेला ताप

सृष्टी, माझे बाई,

माझ्या लेकाच्या, तुझ्या नवऱ्याच्या, योगीराजच्या पायात सोयाबीनचं खुंट घुसलं, तवा मीच हळद भरली. चौथ्या दिवशी ताप उतरला, हातपाय गार पडले. तू म्हणलीस, "आत्या, हे लक्षण बरं न्हाई, परभणीला नेऊ." तू बोलवलेला ऑटो मी दारातून परत पाठवला. ताप उतरला म्हणून मारुतीला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

डॉक्टरनं मागून समजावलं. जंतूंचं जहर रक्तातल्या राखणदार पेशींनाच मारायलं होतं. रक्ताच्या नळ्या सैल पडून पाझरायल्या होत्या. आपल्या ठिबकच्या नळीला भोकं पडली की कडेच्या झाडाला पाणी पोचत न्हाई, तसं. म्हणून हातपाय गार; ताप उतरला तो बरं वाटून न्हाई.

तेराव्याला बायका म्हणल्या, "सुनेनं उशीर केला." मी शेजारीच बसले होते, पण ऑटो मी परत पाठवला हे सांगितलं न्हाई. तूबी माझं नाव न घेता चुडाव्याला माहेरी गेलीस.

हे पत्र टाकणार न्हाई. टाकलं तर एकट्या तुलाच कळंल, अन् तुला तर ठाऊकच हाय. उद्या भजनाला सगळ्या जमतील, तिथं सांगते. मग चुडाव्याला येते. दार उघडायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझी आत्या,
धुरपता