उसवलेली बाही

प्रिय आत्या,

आम्ही तयार केलेल्या संधिवाताच्या औषधाच्या चाचणीत तू हौसेनं नाव घातलंस, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. काल नर्स हसत म्हणाली, "तुमची आत्या फार गोड हो! दुखतं का विचारलं की म्हणते, 'छे गं, भाचीचं औषध आहे, लागू पडणारच!'"

मला हसू आलं नाही. रविवारी तू दार कोपरानं ढकललंस आणि कप दोन्ही तळव्यांत धरलास, कारण बोटं वळत नव्हती. मी विचारलं, तर म्हणालीस, "थंडी आहे."

आत्या, सांध्यांतली सूज उतरते का, हे रक्ताच्या तपासणीतून अर्धंच कळतं. उरलेलं रुग्णाच्या तोंडून. माझी लाज राखायला तू खोटं बोललीस, तर कुचकामी औषध उद्या दुसऱ्या कुणाच्या आत्याला मिळेल. आणि तोवर तुझी बोटं वाकडी होतील, ती वेगळीच.

लहानपणी माझ्या स्वेटरचा एक टाका चुकला, म्हणून तू अख्खी बाही उसवलीस. मी रडले, तर म्हणालीस, "चुकलेल्या टाक्यावर पुढे विणत नाहीत."

उद्या मी चाचणी चालवणाऱ्या आमच्या सरांना सगळं सांगणार आहे. तुझी उत्तरं वगळतील, कदाचित निकालही आमच्या विरुद्ध जाईल. जाऊ दे.

हे पत्र मात्र पाठवत नाही. उत्तरात तू "मी मजेत" लिहून मोकळी होशील. त्यापेक्षा सुया आणि लोकर घेऊन घरीच येते. माझ्यासमोर एक ओळ विणून दाखव.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
घाबरट भाची