तुझ्या जागेवरून

अगं,

किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवली आहे. मी स्पीकरच्या दुकानात चाललोय. तू आणवलेला पाच स्पीकरांचा सराउंड सेट परत न्या म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, ते आता नेऊ नका म्हणून सांगायला. काल मी उगाच तोंड सोडलं. गाणं समोरून ऐकायचं असतं, पाठीमागून डास गुणगुणल्यासारखं नाही, आपला दोन स्पीकरांचा स्टिरिओच बरा, वगैरे.

तू अबोला धरलास, म्हणून आज शर्टाचं बटण मीच लावायला बसलो. सुईदोरा तुझ्या दिवाणावर होता, म्हणून तिथेच, उजव्या स्पीकरला खेटून. आपली नेहमीची रेकॉर्ड लावली, तर नुसतं व्हायोलिन! गाणारी बाई डावीकडच्या स्पीकरमध्ये. तुझ्या जागेवर तिचा आवाज येतो डासाएवढा. दोन्ही नीट ऐकू येतात ते फक्त मधल्या, माझ्या खुर्चीत.

लग्न झाल्यापासून दर वेळी मी तिथून विचारायचो, "काय गायलीय, नाही?" आणि तू शिवता शिवता म्हणायचीस, "हो, छान."

रेकॉर्ड चढवून ठेवली आहे. मी यायच्या आत माझ्या खुर्चीत बसून एकदा ऐक. मग सांग, कशी गाते ती.