आता जोरात, आत्याबाई

आत्याबाई,
पाया लागते.

काल तुमच्या लेकीचा, वंदनाताईचा आर्णीवरून फोन आलता. तुमाले आता अंगणापर्यंत जाताना दम लागते म्हने. तिथल्या डॉक्टरनं इचारलं, हृदयाचा झटका येऊन आठ महिने झाले, इतक्या दिवसांत चालवलं काहून नाही? तुमी म्हनल्या, "माह्या सुनेनं मले गिलासही उचलू देला नाही." ताईनं हे मले कौतुकानं सांगितलं.

खरं म्हंजे, दवाखान्यातल्या मॅडमनं मले सारं शिकवलं होतं. दोन मिनिटं जोरात चालवा, तीन मिनिटं हळू, मंग पुन्हा जोरात. बसून राह्यल्या तर हृदय अजून कमजोर होईन. मी मोबाइलात टाइम लावून रस्त्याच्या कडेले उभी राहायची न आवाज द्यायची, "आता जोरात, आत्याबाई." तुमी पदर खोचून निघायच्या. अकराव्या दिवशी तर हसतच परत आल्या होत्या.

त्याच दिवशी पानटपरीवरून कोनीतरी म्हनलं, "कपिलची बायको बिमार सासूले पळवून राह्यली." तुमी आयकलं नाही, मी आयकलं. घरी येऊन तुमाले खोटंच सांगितलं, डॉक्टरनं आता निस्ता आराम सांगितला. मंग साऱ्या बाया म्हनू लागल्या, सून असावी तर अशी. मले ते गोड लागलं, आत्याबाई.

तुमी आर्णीतही शेजारनींले माही तारीफ करता म्हने. हे पत्र टाकलं तर ती बंद होईन. म्हनून पाकिटावर पत्ता लिहिला नाही.

तुमची सून,
समीक्षा