स्थितप्रज्ञाचा सल्ला

३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

व्हॅन पुन्हा घेतलीस का, असं तू दर पत्रात विचारतोस. वळणावर खांबाला धडकले तेव्हा आत मुलं नव्हती, मला खरचटलंही नाही, सगळं खरं. पण किल्ली हातात घेतली की घाम फुटतो. शाळेनं सुट्टी संपेपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर मुलं दुसऱ्या व्हॅनला देणार.

पण आता मला गुरू भेटलाय! प्रश्नोत्तरांच्या साइटवर. नाव 'स्थितप्रज्ञ'. तुझ्यासारखाच कुणी रंगारी शिडीवरून पडून धास्तावला होता. त्याला यानं लिहिलंय, भीतीशी भांडू नका, आधी शिडीपाशी नुसते बसा, चहा तिथेच प्या, मग एक पायरी; देवाला सोबतीला बोलवा, कामाला लावू नका. किती शांत माणूस! नाहीतर तू. तुझं आपलं एकच, घाबरतेस काय! मी रोज व्हॅनमध्ये बसून चहा पिते. काल फाटकापर्यंत नेली. पुढे काय, ते त्यालाच विचारलंय.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बेबी

९ मे

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा गुरू बघायला साइट उघडली. तो रंगारी मीच गं. कंबर धरली ती डबा उचलताना, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, खरं तर शिडीवरून पडलो होतो. आणि स्थितप्रज्ञही मीच. प्रश्नाला कुणी उत्तर देईना, तेव्हा स्वतःचीच दया येऊन दुसरं खातं उघडलं. नाव निवडताना हात जरासुद्धा कचरला नाही. खाली रंगाऱ्यानं आभार मानलेत, 'आपण देवमाणूस आहात.' त्यावर माझंच उत्तर, 'मी निमित्तमात्र.' वाचताना कान तापले. तुझ्या वहिनीला हसून हसून ठसका लागला.

आता अवघड भाग. मी अजून दुसऱ्या पायरीच्या वर गेलेलो नाही. उंच भिंती जोडीदार रंगवतो, मी दारंखिडक्या. गिऱ्हाइकाला सांगतो, बारीक कामाला माझाच हात लागतो. सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा त्याला हे ठाऊक असणारच; तो बोलत नाही एवढं बरं.

तुझा विश्वास उडाला आणि व्हॅन पुन्हा अडली तर, म्हणून गप्प बसणार होतो. पासवर्ड आठवला असता तर स्थितप्रज्ञाकडूनच उत्तर आलं असतं. आठवला नाही. तेव्हा नुसता दादा म्हणून लिहितो : फाटकाच्या पुढचं मला माहीत नाही. तू माझ्या पुढे गेली आहेस.

झाडायचं तेवढं झाड, पण जीव लावायचं सोडू नकोस.

तुझा,
दादा

१६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला मुद्दाम उशीर केला. जरा झुरावास म्हणून.

पत्र व्हॅनमध्येच वाचलं. इतके दिवस तुझ्याच तोंडावर तुझंच कौतुक! अशी चिडले की समोर येऊन चार शब्द सुनावायचेच, म्हणून गाडी काढली. वळणावर थांबले. घाम फुटलाच. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत सुटला, मग गेले. अर्ध्या वाटेत 'निमित्तमात्र' आठवलं आणि हसू आवरेना. राग संपल्यावर तुझ्याकडे येऊन करायचं काय? परत फिरले. म्हणजे ते वळण दोनदा झालं.

काल शाळा उघडली. सगळी मुलं माझ्याच व्हॅनमध्ये. मागच्या सीटवरून एकजण म्हणाला, मावशी, चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

लोभ ठेव, उपदेश आवर.

तुझी,
बेबी