आई, तपासणी पुन्हा चालू केली

प्रिय आई,

आज मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. बाबा बघतच राहिले. "काय गं, लागली एकदाची भूक?" म्हणाले. त्यांना काय सांगू? हे सगळं ऐकायला तूच हवी होतीस. म्हणून हात धुऊन लगेच लिहायला बसले.

तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा मी तुझ्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे, आठवतं? आमच्या कंपनीची सगळी ॲप सर्व्हरशी बोलायला एकच लायब्ररी वापरतात, म्हणजे एकच तयार कोड. तो मी सांभाळते. त्यातून पेशंटचे रिपोर्ट जातात. पाठवण्याआधी समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायचं असतं: ते भरवशाच्या ठिकाणाहून आलंय का, त्यावरचं नाव जुळतंय का. त्या दिवशी आमच्या चाचणीच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र काही केल्या चालेना. तिकडे डॉक्टर बोलावत होते. मी ती तपासणीच बंद केली आणि पुढे 'तात्पुरतं' असा शेरा लिहिला. तेही कुठे? डिफॉल्टमध्ये! म्हणजे कुणी मुद्दाम वेगळं सांगितलं नाही, तर सगळ्यांसाठीच तपासणी बंद.

मग तू गेलीस, आणि मी ते विसरून गेले.

गेल्या आठवड्यात ती ओळ दिसली. शेजारी माझंच नाव. बोलणं कुलूपबंद जात होतं, पण ते कुणाकडे जातंय हे कुणीच बघत नव्हतं! कुणाचे रिपोर्ट भलत्याच्या हाती पडले असतील तर? आई, मी तीन दिवस कुणाला काही बोलले नाही. त्या कोडची ती नवी आवृत्ती लोक वापरतात त्या खऱ्या ॲपमध्ये गेली का, हे बघायचंही धाडस झालं नाही. उलट मनातल्या मनात तुझ्यावरच चिडले. नेमकी तेव्हाच कशाला आजारी पडलीस?

त्या तीन दिवसांत सारखी तुझी बालवाडी डोळ्यांसमोर येत होती. आपल्याच पडवीत मी पहिली अक्षरं गिरवली. तिथे 'आई' म्हटलं तर तू ओ द्यायची नाहीस, 'बाई' म्हणायला लावायचीस. त्याचा राग अजून आहे, बरं का! एकदा शाळा सुटताना पिंकीचे वडील आले होते. माथेरानच्या हॉटेलात कामाला, कित्येक महिन्यांनी घरी आलेले, दाढी वाढलेली. पिंकी तुझ्या पदरामागे लपली.

"बाई, माझी पोरगी हाय ती!"

"असंल. पन मी तुमाला वळखत नाय, आन् तीबी नाय."

"मंग काय रेशन कार्ड दाखवू?"

"नको. बसा, चा घ्या. तिची आई येईल."

तिची आई आली ती हसतच सुटली. "बरं केलंत बाई! मलाबी घटकाभर वळखू आला नाय."

चौथ्या दिवशी मी आमच्या टीमच्या प्रमुखांना, रेश्मा मॅडमना फोन केला.

"मॅडम, माझ्याकडून फार मोठी चूक झाली." मग सगळं सांगितलं.

"रडतेयस का तू? आधी सांग, खऱ्या ॲपमध्ये गेलं का ते?"

"बघितलं नाही."

"अगं, मग रडतेयस कशावर? बघ आधी!"

बघितलं. नव्हतं गेलं! खरी ॲप अजून जुन्याच आवृत्तीवर होती. नवी येत्या सोमवारी जाणार होती. मॅडमनी ती थांबवली. मी फोन ठेवला आणि लगेच दुरुस्तीला बसले.

आता डिफॉल्ट असा आहे: तपासणी चालूच, जोडणीच्या जुन्या कमकुवत पद्धती बंद. चाचणीच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र फक्त चाचणीतच चालेल. शिवाय एक नवी चाचणी लिहिलीय. ती मुद्दाम चुकीच्या प्रमाणपत्राच्या सर्व्हरशी जोडायला जाते, आणि जोडणी नाकारली गेली तरच पास होते. गंमत आहे ना? आज सकाळी ही दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली.

चूक कशी झाली, याची नोंदही लिहायची होती. 'कारण' या रकान्यात मी आधी लिहिलं, 'आई रुग्णालयात होती.' मग खोडलं आणि लिहिलं, 'मी घाई केली.' आई, तेव्हा कुठे मला भूक लागली.

शब्द देते, यापुढे चूक दिसेल त्याच दिवशी सांगेन. आणि माझ्या चुकीच्या कारणात तुझं नाव पुन्हा कधी येणार नाही.

तुझीच,
वैशू