पाळकाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय

अहमदनगर,
दि. १२ नोव्हेंबर १९३१

चि. आसरा हीस बद्रीनाथमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

दाजींच्या पुस्तकाचे पहिले पाच अध्याय पोचले. दृष्टी अधू झाल्यापासून ते सांगतात व तू लिहून घेतेस, हे छापखान्यात कोणाला खरे वाटत नाही. आमचे खिळे जुळवणारे कचरू म्हणतात की असे अक्षर असेल तर मला चष्मा कशाला हवा.

ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी लिहिणाऱ्याने शास्त्रातली वचने थोडी द्यावीत. ती वाचकाजवळ आहेतच. आपल्यावर जे गुदरले ते मात्र त्याच्याजवळ नसते. उपदेशाला स्वतःच्या चुकीपासून आरंभ करावा. कधीच न चुकलेल्या पाळकाचे कोणी मनावर घेत नाही.

म्हणूनच 'संकटकाळी पुढारी' हा पाचवा अध्याय मला पोकळ वाटला. तीन पाने नुसता धीर धरायला सांगितले आहे. ऑगस्टात वडीगोद्रीच्या मंडळीतली सात माणसे एका आठवड्यात पटकीने गेली, हे इकडे सर्वांना ठाऊक आहे. वाचक आधी तेच पान उघडेल. दाजींना विचारून तो आठवडा लिहून पाठव. फेब्रुवारीत पाळकांची परिषद आहे. तोवर पुस्तक बांधून व्हावे.

आणि त्यांच्या आवाजामागे फार लपू नकोस. शाळेत पहिला नंबर येऊनही तू बक्षीस घ्यायला जागची उठली नव्हतीस, ते मी विसरलेलो नाही.

दाजींस सलाम. माया आहे ती वाढती राहो.

तुझा मामा,
बद्रीनाथ


वडीगोद्री,
दि. २७ नोव्हेंबर १९३१

ती. मामांस आसराचा सलाम. वि. वि.

आपले पत्र मी बाबांना वाचून दाखवले. चौथ्या दिवशी ते म्हणाले की बस, लिही.

प्रभुभोजनात सर्वांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा द्राक्षरस आमच्याकडे कसा करतात ते आपण जाणता. जालन्याहून आणलेल्या मनुका आदल्या दिवशी पाण्यात उकळायच्या, कुस्करायच्या आणि गाळायच्या. ऑगस्टात डॉक्टरांनी बजावल्यापासून मंडळीत कोणी विहिरीचे पाणी उकळल्यावाचून पीत नव्हते. बाबांनी सांगितले व मी त्यांच्याच शब्दांत लिहिले, की त्या आठवड्याच्या आदल्या शनिवारी मीच मुलीला म्हणालो, उशीर होतो आहे, उकळत बसू नकोस.

इथे माझा टाक थांबला. त्या शनिवारी बाबा घरी नव्हतेच; अंबडला एका आजाऱ्याजवळ होते. मी एकटी होते. मनुकांचे पातेले चुलीवर ठेवून मी त्यांचा तिसरा अध्याय स्वच्छ उतरून काढायला बसले. चूल कधी विझली ते मला कळले नाही. उठले तेव्हा पाणी कोमटही नव्हते आणि लाकडे ओली होती, पुन्हा पेटेनात. मनुकांचा रंग मात्र पाण्यात उतरला होता. मी त्या तशाच कुस्करून गाळल्या. रविवारी तो प्याला अठ्ठावीस जणांच्या ओठांना लागला, आणि उरलेला रस रीतीप्रमाणे लहान मुलांना मिळाला.

मी म्हणाले की हे वाक्य खोटे आहे. बाबा म्हणाले की मुकाट्यानं लिही, पाळक मी हाय. मी टाक खाली ठेवला. तेव्हा ते म्हणाले की पोरी, पहिला घोट माझा असतो. उकळलेला रस दाट लागतो, हा पातळ व्हता. मला तवाच कळलं. प्याला खाली ठेवला असता तर समद्यांनी तुझ्याकडं पाह्यलं असतं, म्हणून म्या तो पुढं दिला.

त्याच प्याल्यातून आम्ही दोघेही प्यालो आणि दोघेही जगलो. त्या सातांत शेजारच्या सगुणाबाईचा नवरा होता, आणि तिची नऊ वर्षांची मुलगी गोजर. सगुणाबाई अजून रोज सकाळी आम्हाला दूध आणून देते आणि बाबांचे डोळे कसे आहेत विचारते.

मामा, यातले काय छापावे? आपले उत्तर येईपर्यंत शाळेत मुलांपुढे उभे राहणे मला जड जाईल.

आपल्या मायेस पात्र राहू इच्छिणारी,
आसरा


अहमदनगर,
दि. ५ डिसेंबर १९३१

चि. आसरा हीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी दिवसभर छापखान्यात गेलो नाही. लेखकाकडे चूक मागताना ती केवढी असेल याचा विचार मी केला नव्हता.

दाजींनी सांगितले तसेच छापावे, असे मला वाटते. मंडळीची शाळा तुझ्या हातून जाईल, आणि तुझे वय तेवीस आहे. पटकी प्याल्यातून आली की आणखी कशातून, हे डॉक्टरही शपथेवर सांगणार नाहीत. बाप लेकीवर पांघरूण घालत असेल तर लेकीने ते ओढून टाकू नये.

मात्र एक नियम मी पंचवीस वर्षे पाळला आहे. ज्याच्या दुःखाविषयी छापायचे त्याला ते आधी वाचून दाखवायचे. ते त्याला परक्याच्या तोंडून कळता कामा नये. तुम्ही मजकूर कोणताही ठरवा, सगुणाबाईंनी ऐकल्यावाचून मी तो जुळवायला देणार नाही.

प्रकृतीस जप. इकडचा जीव तुम्हा दोघांपाशी आहे.

तुझा मामा,
बद्रीनाथ


वडीगोद्री,
दि. ११ जानेवारी १९३२

ती. मामांस आसराचा सलाम. वि. वि.

पाचवा अध्याय सोबत आहे. खोटे वाक्य सगुणाबाईपुढे वाचायला मला जमले नसते, म्हणून झाले तसे लिहिले, माझ्या नावासह. बाबा आधी माझ्यावर रागावले; मग प्याल्याचा भाग त्यांनी स्वतः सांगितला. सगुणाबाईनंतर तो पंचांपुढे वाचला, तेव्हा मंडळीचे पंच कडूबा म्हणाले की पाळकसाहेब, मेलेल्यांना कशाला उठवून राह्यले. बाबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पहिल्या पानावर त्यांच्या नावाआधीचा 'पाळक' हा शब्द काढावा. शाळेच्या किल्ल्या मी कडूबांकडे दिल्या.

सगुणाबाईच्या ओसरीवर बसून मी वाचले. माझा आवाज फुटेना, तेव्हा ती म्हणाली की जोरात वाच, मला ऐकू न्हाई येऊन राह्यलं. संपल्यावर बराच वेळ ती हातातल्या दोरखंडाचा पीळ उलगडत बसली. मग म्हणाली की गोजर लहान म्हणून तिला वाटीत थोडाच आल्ता. तिला गोड लागला, तर म्या अजून मागून घेतल्ता. ते न्हाई लिहायचं. ते माझं हाय.

ते मी लिहिलेले नाही. आपणही हे पत्र वाचून जाळावे.

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झाले. नव्या वर्षाच्या प्रभुभोजनासाठी दुसरे कोणी पुढे येईना, म्हणून मनुका यंदाही आमच्याच घरी आल्या. शनिवारी सगुणाबाई न बोलता आत आली, सोबत आणलेली वाळली लाकडे तिने चुलीत सारली आणि पातेल्यासमोर बसली. पाण्याला उकळी फुटली तरी उठली नाही. पाणी निम्मे आटल्यावर तिने पळीने रस उचलून पाहिला, पातेल्यावर झाकण ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

रविवारी ती उपासनेला आली नाही. तिच्या जागेवर कोणी बसले नाही.

बाबा सलाम सांगतात. मुद्रिते आली की मीच तपासीन. आता वेळ पुष्कळ आहे.

आपली,
आसरा